मिझलफर्डचा पाणीचोर

३ जून, मंगळवार

आज गावसमितीने मला दुष्काळ निरीक्षक केलं. निवड बिनविरोध झाली, म्हणजे हे काम दुसऱ्या कोणालाच नको होतं. अध्यक्षा ऑड्रे फिंच म्हणाली, "ब्रिजेट, तू सव्वीस वर्षं भूगोल शिकवलास. शिवाय लोकांच्या कुंपणापलीकडे बघायची तुला सवय आहेच." दुसरं वाक्यही तिने पहिल्याच सुरात म्हटलं, म्हणून मी दोन्ही कौतुकात जमा केली.

एक पिवळं जाकीट मिळालं. ते माझ्या दोन पट माणसासाठी शिवलेलं आहे. एक तक्रारवही मिळाली. आणि एक लाकडी पट्टी, जी पुलाखालच्या डोहात उभी ठोकून रोज सकाळी पाण्याची उंची लिहायची.

आता मुद्दा. पाणी कंपनीचं पत्र आलंय. मिझलफर्डच्या घरांना जितकं पाणी लागायला हवं त्यापेक्षा रोज बारा हजार लिटर जास्त जातंय. कुठे, ते कंपनीला ठाऊक नाही. ३१ जुलैपर्यंत हा खर्च थांबला नाही, तर कंपनी वरच्या झऱ्यावर पंप बसवणार. झऱ्यावर पंप बसला की आमचा ओढा संपला. ओढा संपला की डोहातला म्हातारा ट्राउट मासा संपला, ज्याला त्याच्या तोंडाच्या ठेवणीवरून सारं गाव कर्नल म्हणतं. ऑगस्टमधली प्लास्टिकच्या बदकांची शर्यतही संपली. तिची पंच मी आहे, सलग नऊ वर्षं.

वर्गात मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी मागची बाकं झोपायची, की आमचा दुष्काळ उन्हाळ्यात पडतच नाही. तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळ्यात कळतो. ह्या टेकड्या खडूच्या. हिवाळाभर रिपरिप चालू राहिली तर पाणी खडूत मुरतं आणि पुढच्या उन्हाळ्यात झऱ्यातून बाहेर येतं. यंदा हिवाळा कोरडा गेला. तेव्हा कोणी कुरकुरलं नाही. सगळे फेब्रुवारीत बागेत बसून म्हणत होते, काय सुरेख हवा आहे!

रबरी नळीवर आजपासून बंदी. बारा हजार लिटर कोणीतरी चोरतंय. आणि मला साधारण अंदाज आहे, कोण.

१४ जून, शनिवार

डेस्मंड पोकॉक. माझा शेजारी. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य काढलेला, विधुर, एकटा.

सहा वर्षांपूर्वी मी आठवडाभर बहिणीकडे गेले असताना ह्या माणसाने आमचं झुडपांचं सामाईक कुंपण दीड फुटाने छाटलं. परत आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट त्याची बाग, आणि बागेत तो, हात हलवणारा. "उन्हं यावीत म्हणून," म्हणाला. तेव्हापासून आमच्यात अलिखित करार आहे: हवापाण्याखेरीज एक शब्द बोलायचा नाही. भांडलेल्या शेजाऱ्यांनी आपल्याकडे बोलणं तोडायचं नसतं, फक्त विषय तोडायचे असतात.

आज सगळ्या गावाच्या हिरवळी बिस्किटासारख्या झाल्या आहेत. करपलेली हिरवळ ही सध्या इभ्रतीची खूण. ऑड्रेने तर दारात पाटी लावली आहे: "आम्ही करपलो, आम्हाला अभिमान आहे." आणि पोकॉकच्या बागेत कुंपणालगतचा घेवडा? सहा फूट! हिरवागार! लाजही वाटत नाही त्याला. घेवड्याला म्हणत नाहीये मी.

तो कुंपणापाशी आला.

"काय मिस ऑल्सॉप, कोरडं पडलंय."

"फारच कोरडं, मिस्टर पोकॉक."

"तुमच्या बाजूला मात्र जरा दमट वाटतंय. कुंपणाच्या बुडाशी."

"माझ्या बाजूला?"

"जरासंच. ह्या दिवसांत असतं त्याहून थोडं जास्त, म्हणायचं तर."

"हवा आहे. चालायचंच."

"तसंही म्हणता येईल," असं म्हणून तो उगीचच दोन मिनिटं उभा राहिला.

स्वतः गावचं पाणी पितोय आणि मला दमट म्हणतो! वहीत नोंद केली.

माझ्या बाजूला हायड्रेंजिया छान फुलली आहे, पण मी तिला थेंबभर पाणी घालत नाही. झाडांना लाडावलं नाही की ती कणखर होतात. मुलांचंही तसंच.

२ जुलै, बुधवार

तक्रारवही भरत आली. दुष्काळाने गावातली हिरवळ वाळवली, पण नागरिकांची कर्तव्यबुद्धी मात्र तरारून वर आली आहे. आजवर एकमेकांच्या कुत्र्यांचीही चौकशी न करणारे लोक आता एकमेकांच्या आंघोळी मोजतात.

धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याचं भांडं काठोकाठ भरलं, अशी तक्रार. धर्मगुरूंची तक्रार, की टपालवाली रोज घोडा धुते. घोडा धुवायला परवानगी आहे, मोटार धुवायला नाही. झारीने हवं तितकं पाणी घाला, नळीने एक चुळकाभरही नाही. ऑड्रेने विचारलं, "आणि घोड्यावर बसून मोटार धुतली तर?" मी नियमावली चाळली. त्याबद्दल काही नाही.

एकशे चाळीस घरांपैकी एकशे बारा घरांतून तक्रारी आल्या. पोकॉककडून एकही नाही. आळशी माणूस.

डॉक्टरकडे जाऊन आले. मे महिन्यापासून मला घरात सारखं शूऽऽ असं ऐकू येतं, विशेषतः स्वयंपाकघराच्या पायरीपाशी. बागेत किंवा दुकानात गेलं की थांबतं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाप्रमाणे असतं, आणि कानात घालायला थेंब दिले. घालतेय. फरक नाही.

आंघोळीच्या फवाऱ्याचा जोरही गेलाय. डोक्यावर पाणी पडतं ते कोणी सहानुभूतीने टिपं गाळावीत तसं. अर्थातच, शेजारी कोणी बारा हजार लिटर ओढत असेल तर माझ्यापर्यंत काय पोचणार?

९ जुलै, बुधवार

पकडला! म्हणजे जवळजवळ.

सकाळी सहाला टपालपेटीमागे दबा धरून बसले. (पिवळं जाकीट घालून. नियम म्हणजे नियम.) पोकॉक दोन मोठ्या झाऱ्या घेऊन घराबाहेर पडला, पेटीपाशी आल्यावर माझ्याकडे न बघता "कोरडं आहे," म्हणाला आणि पुलाकडे गेला. डोहाच्या काठी वाकला. नंतर परत आला, आणि अशा चार खेपा.

जाताना झाऱ्या भरलेल्या होत्या की रिकाम्या, ते नीट दिसलं नाही. येताना मात्र तो अगदी हलक्या पावलांनी चालत होता, चोर चालतात तसा.

म्हणजे नळाचं पुरत नाही म्हणून आता ओढ्याचंही! कर्नलच्या तोंडचं पाणी! शिवाय त्याच्या अंगणात कुंपणालगत तीन पिंपं ओळीने उघडी ठेवलेली दिसतात, भरलेली. साठेबाजी. सगळं वहीत लिहिलं, आकृतीसकट.

पट्टी: एकतीस सेंटिमीटर. गेल्या आठवड्याइतकीच. वरचा ओढा आटत चाललाय, जागोजागी नुसते गोटे दिसतात, पण डोह मात्र टिकून आहे. मी पुलावर लावलेल्या सूचनाफलकाचा हा परिणाम. लोक वाचतात, वाटतं तितके निर्ढावलेले नाहीत.

१८ जुलै, शुक्रवार

पोकॉक आज कोट घालून कुंपणापाशी आला. तीस अंश उष्म्यात कोट.

"मिस ऑल्सॉप, हवेबद्दल थोडं बोलायचं होतं."

"बोला की. हवेबद्दल कोणीही बोलावं."

"दमटपणा वाढलाय. मागच्या महिन्यापेक्षा बराच. आणि वाऱ्याचा आवाज येतो, शू असा. तुमच्या मागच्या पायरीपाशी."

"वारा? अहो, पान हलत नाहीये!"

"तेच म्हणतोय मी."

"मग वारा कसला?"

त्याचा चेहरा लाल झाला. टोपी काढली, परत घातली. "मिस ऑल्सॉप, मी आता तुम्हाला अगदी स्पष्टच…"

मी भुवया उंचावल्या. सहा वर्षांचा करार आज मोडतो की काय? कुंपणाचा विषय काढणार असेल तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. सहा वर्षं घोटून पाठ केलेलं.

"…उद्याही कोरडंच राहील," तो म्हणाला आणि घरात गेला.

माझ्या कानांचा आजार त्याला कोणी सांगितला? डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच फुटलं असणार. शूऽऽ म्हणून मला चिडवतोय. साठीच्या पुढचा माणूस!

२६ जुलै, शनिवार

पाच दिवस उरले. कंपनीचं दुसरं पत्र: खर्च कमी झालेला नाही, उलट चौदा हजार. वरच्या झऱ्यापाशी पंपासाठी सपाट जागा करून ठेवली आहे. मी स्वतः पाहून आले. तिथे लहानपणी आम्ही हिरवी पानं तोडून तशीच पावात घालून खायचो. आता चार खुंट्या आणि लाल दोरी. भूगोलात ह्याला काही शब्द नाही.

घरी येऊन छपरीतली दोनशे चाळीस बदकं मोजली. सगळी आपली आनंदी. ऑड्रे येऊन गेली. "ओढ्यात पाणीच नसेल तर शर्यत कशी घ्यायची गं? रस्त्यावरून ढकलायची का?" मी तिला नियम क्रमांक चार दाखवला: बदक सोडल्यावर ते हवापाण्याखेरीज कशानेही हलता कामा नये. एका वर्षी धर्मगुरूंनी छत्रीने ढोसलं होतं, तेव्हापासूनचा नियम आहे.

"तुझे नियम कर्नलला खाऊ घाल," ऑड्रे म्हणाली. ती रडवेली झाली की अशी बोलते.

ती गेल्यावर मी कंपनीला पत्र लिहिलं. पोकॉकचं नाव, घर क्रमांक नऊ, घेवड्याची उंची, पिंपं, झाऱ्या, आकृती. पाकीट चिकटवलं. मग थोडा वेळ ते तसंच हातात धरून बसले.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवते. पुरावा पक्का आहे, पण पोकॉकच चोर असावा असं मला जरा जास्तच वाटतंय. चोर दुसरा कोणी निघाला तर मला आनंद होण्याऐवजी राग येईल. निरीक्षकाने असं असू नये.

तरी पत्र टाकलं.

२९ जुलै, मंगळवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

कंपनीने डेलिथ नावाची एक वेल्श बाई पाठवली. ठेंगणी, गाणं गुणगुणणारी. हातात पाच फुटी लोखंडी सळई, तिच्या टोकाला लाकडी वाटी. सळईचं टोक नळाच्या झाकणावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, आणि जमिनीखाली पाणी कुठे फुटलंय ते ऐकायचं.

"अहो, एवढं आधुनिक जग आणि ही काठी?" मी विचारलं.

"बाई, यंत्र पण आहे गाडीत," ती म्हणाली. "पण ते फार बडबडतं. काठी फक्त ऐकते."

मी तिला तडक नऊ नंबरला नेलं. पोकॉकने दार उघडलं, माझं जाकीट पाहिलं, डेलिथची सळई पाहिली आणि म्हणाला, "देवाची कृपा. आलात एकदाच्या." चोराने असं म्हणावं, ह्याचं मला नवल वाटलं. निदान तेव्हा तरी.

डेलिथने त्याच्या नळावर कान लावला. "शांत. इतकं शांत घर महिन्यात ऐकलं नाही." मग ती कुंपणाकडे वळली. एकेक पाऊल टाकत, टेकवत, ऐकत. कुंपण ओलांडून माझ्या बागेत. हायड्रेंजिया. हिरवळीवरचा हिरवा पट्टा, जो मी आंघोळीचं पाणी तिथे ओतते म्हणून हिरवा आहे असं समजत होते. मग मागची पायरी. तिथे ती थांबली आणि गुणगुणणंही थांबवलं.

"बाई, इथे तुम्हाला काही ऐकू येतं का?"

"शूऽऽ असं येतं," मी म्हटलं. "पण ते माझ्या कानात आहे. थेंब घालतेय."

तिने मला वाटी दिली. मी कान लावला. माझा आजार पायरीखाली होता, आणि मोठ्या आनंदात होता.

दुपारपर्यंत तिच्या माणसांनी खणलं. माझ्या मालकीचा, माझ्या घराचा, माझ्या आजोबांच्या वेळचा शिशाचा नळ, हातभर फाटलेला. पाणी खडूत आणि उतारावरून थेट पोकॉकच्या कुंपणात जात होतं. बारा हजार, नंतर चौदा हजार. गावाचा पाणीचोर पिवळं जाकीट घालून खड्ड्याच्या काठावर उभा होता आणि आख्खं गाव रस्त्यावर उभं राहून अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहत होतं.

"आणि ह्या पिंपांत काय भरता तुम्ही?" डेलिथने पोकॉकला विचारलं. मी विचारणं शक्यच नव्हतं. ते हवेबद्दल नव्हतं.

"कुंपणातून पाझरतं तेच," तो खाली बघत म्हणाला. "वाया जाण्यापेक्षा बरं. एक दिवस उघडं ठेवलं की नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास उडतो. माशांना तो सोसत नाही. मग सकाळी डोहात नेऊन ओततो. आठ झाऱ्या. कधी दहा."

"मेपासून?"

"मेपासून."

"मग सांगितलं का नाहीत ह्यांना?"

"सांगितलं की," तो म्हणाला. "दोनदा."

३१ जुलै, गुरुवार

कंपनीला अहवाल पाठवला: "चोर सापडला. घर क्रमांक सात. नळ बदलला. आधीची तक्रार मागे घेत आहे, आकृतीसकट."

संध्याकाळी उत्तर आलं. खर्च उतरला, पंप बसणार नाही. झऱ्यापाशी जाऊन चारही खुंट्या उपटल्या. ते कंपनीचं काम होतं, पण मला करायचं होतं.

गावात कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. फक्त दुकानात गेले की सगळे एकदम "कोरडं आहे, नाही?" म्हणतात आणि कपाटांच्या मागे जातात. ऑड्रेने मात्र समोरून विचारलं, "जाकीट परत करतेस की धुऊन देतेस?" तिचे उपकार मी विसरणार नाही.

पोकॉकशी बोलायला हवं. तीनदा कुंपणापर्यंत गेले. "मी चुकले" हे हवापाण्याच्या भाषेत कसं म्हणतात? शब्दच नाही. मी म्हटलं, "आज दमटपणा कमी आहे, मिस्टर पोकॉक."

"हो," तो म्हणाला. "घेवडा नाराज आहे."

मला हसू आलं, आणि मग आत येऊन बराच वेळ फवाऱ्याखाली उभी राहिले. फवाऱ्याला आता इतका जोर आहे की रडलेलं कळत नाही.

एक कळत नाही. तक्रारवही दोन महिने माझ्या फाटकाला टांगलेली होती. ह्या माणसाला फक्त एक ओळ लिहायची होती. का लिहिली नसेल? आळस, दुसरं काय.

२५ ऑगस्ट, सोमवार

शर्यत झाली. ओढ्याला धार अशी नव्हती, पण डोह होता. त्यामुळे डोहाच्या वरच्या टोकापासून पुलाखालच्या दोरीपर्यंत, चाळीस फूट, असं ठरलं.

अडीच वाजता दोनशे चाळीस बदकं पाण्यात सोडली. ती जिथे पडली तिथेच राहिली. तीन वाजले. वारा नाही, धार नाही. लोकांनी काकडीचे सँडविच संपवले. साडेतीन वाजता धर्मगुरू छत्रीकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे पाहिलं. पावणेचारला कोणीतरी म्हणालं, "मागच्या वर्षीपेक्षा चुरशीची आहे."

चार वाजता पोकॉक चहा घेऊन पुलावर आला आणि कठड्यावरून वाकला. त्याची सावली डोहात पडली, आणि तळातून कर्नल निघाला. तीन महिने रोज सकाळी ही सावली आली की पाणी येतं, हे त्याला पाठ होतं. तो सरळ पुलाकडे आला. वाटेत बदक होतं. एकसष्ट नंबर. ते नाकावर घेऊन तो दोरीच्या पलीकडे गेला.

एकसष्ट नंबर पोकॉकचा.

टाळ्या पडल्या, मग थांबल्या. ऑड्रे पुढे आली. "पंच! हरकत आहे. नियम चार. शिवाय ह्या स्पर्धकाचे त्या माशाशी खाजगी संबंध आहेत."

पोकॉकचे कान लाल झाले. "बरोबर आहे त्यांचं," तो पुटपुटला. "बाद करा, मिस ऑल्सॉप."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. गेल्या महिन्यात बघायचं टाळलं होतं, ते आज सव्याज बघून घेतलं. मी नियमावली उघडली. नऊ वर्षांत तिच्यातला स्वल्पविरामही मी कोणाला हलवू दिलेला नाही.

"नियम म्हणतो, हवापाण्याखेरीज कशानेही नाही," मी वाचलं. "मासा पाण्यातला. पाणी नसतं तर मासा नसता, आणि ते पाणी कोणी राखलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, मला सोडून सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. तेव्हा मासा हा हवापाण्यातच मोडतो. एकसष्ट नंबर विजयी."

ऑड्रे म्हणाली, "हा निकाल अत्यंत पक्षपाती आहे," आणि सगळ्यात आधी टाळ्या तिनेच वाजवल्या.

बक्षीस म्हणजे पबमध्ये दोघांचं जेवण. बिचाऱ्याचं कोणी नाही, दोन्ही ताटं एकट्यालाच खावी लागणार.

संध्याकाळी कुंपणापाशी आला. परत कोट.

"आजची हवा चांगली होती, मिस ऑल्सॉप. इतकी चांगली हवा मला सहा वर्षांत आठवत नाही."

"पंचाने फक्त नियम वाचला, मिस्टर पोकॉक."

"शुक्रवारी संध्याकाळी कशी असेल, तुमच्या मते?"

"कोरडी, बहुतेक."

"सात वाजता?"

आता शुक्रवारी सात वाजताची हवा सोमवारी कोण सांगणार? मी म्हटलं, पाहून सांगते. विचित्र माणूस. तरी निळा झगा इस्त्रीला काढून ठेवलाय. फार दिवस घडीत पडलाय, कसर लागेल.

कुंपण परत वाढलंय. उद्या कात्री घेऊन बसते. दीड फूट तरी काढायला हवं. उन्हं यायला पाहिजेत.